‘ळ’ची जागा कोणती?

हजेरीपटावर ‘काळे’ हे आडनाव आधी यावे की ‘कासार’? मुळाक्षरांचा तक्ता पाठ असलेला विद्यार्थी ‘कासार’ आधी, असेच उत्तर देईल; कारण आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर ‘ळ’, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ येतात. संगणक मात्र, त्याला काही सांगितले नसेल तर, पुष्कळदा ‘काळे’ आधी मांडतो. असे का होते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

संगणक अक्षरे जाणत नाही, अंक जाणतो. युनिकोड या जागतिक संकेतात प्रत्येक वर्णास क्रमांक दिलेला आहे. ‘ल’चा क्रमांक २३५४, ‘ळ’चा २३५५, ‘व’चा २३५७ आणि ‘ह’चा २३६१. क्रमांकानुसार मांडणी केली की ‘ळ’ ‘ल’ला चिकटून बसतो. ‘क्ष’ला तर स्वतंत्र क्रमांकच नाही, तो ‘क’, हलन्त आणि ‘ष’ मिळून होतो, म्हणून ‘क’च्या पोटात शिरतो. ‘ॲ’ या वर्णाचा क्रमांक २४१८ असल्यामुळे ‘ॲल्युमिनियम’ हा शब्द ‘हळद’च्याही मागे जातो!

ही अडचण एकट्या मराठीची नव्हे. आबिड्सच्या रस्त्यावरील पाट्या ज्या तेलुगू लिपीत आहेत, तिच्या वर्णमालेतही ‘ळ’ ‘ह’नंतरच येतो, पण युनिकोडमध्ये तो ‘ल’च्या लगेच पुढे आहे. भारतीय लिप्यांसाठी एकच समान आराखडा स्वीकारल्याचा हा परिणाम होय.

आता उपायाकडे वळू. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधाधिष्ठित डेटाबेसच्या सिद्धान्तानुसार तक्त्यातील ओळींना स्वतःचा क्रम नसतो. क्रम मागावा लागतो. तो मागताना कोणता वर्णानुक्रम हवा, हेही सांगता येते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या २०२३ साली आलेल्या १६व्या आवृत्तीपासून आपला नियम आपणच लिहून देता येतो. तो असा:

&ह < ळ < क्ष < ज्ञ

अर्थ सरळ आहे: ‘ह’नंतर ‘ळ’, त्यानंतर ‘क्ष’, त्यानंतर ‘ज्ञ’. ही सोय नसेल तेथे तक्त्यात आणखी एक स्तंभ करावा, त्यात प्रत्येक शब्दाच्या अक्षरांचे आपण ठरविलेले क्रमांक लिहावेत आणि त्यानुसार मांडणी मागावी. नियम बदलल्यास जुन्या क्रमाने तयार केलेली सूची पुन्हा बांधणे अवश्य आहे. नाहीतर असलेला शब्दही सापडत नाही.

नियम लिहिण्यापूर्वी तो ठरवावा मात्र लागतो. संस्कृत कोशांत ‘क्ष’ ‘क’मध्येच असतो, शाळेच्या तक्त्यात तो शेवटी असतो. दोन्ही रीती योग्य आहेत, परंतु एका यादीत एकच रीत हवी.

रविवारी आबिड्सच्या पदपथांवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. तेथे हवे ते पुस्तक मिळणे नशिबावर अवलंबून असते. ग्रंथालयाचे तसे नाही. तेथे क्रमावर विश्वास ठेवूनच वाचक शोध घेतो. ‘काळ’ हा शब्द ‘काहूर’नंतर पाहणाऱ्या मराठी वाचकास तो तेथे दिसला नाही, तर ते पुस्तक ग्रंथालयात नाहीच, असे समजून तो परत जाईल. यंत्र आज्ञाधारक आहे. आपल्या वर्णमालेचा क्रम त्याला सांगणे हे मात्र ती जाणणाऱ्यांचेच काम आहे.