आधी मांडव, मग साडी

तुळशीचं लग्न लागलं की पत्रांचा ओघ सुरू होतो. बहुतेक पत्रांत प्रश्न साडीचा असतो, पण उत्तर दडलेलं असतं ते लग्नाच्या जागेत. या वेळची तीन पत्रं तशीच आहेत.

ताई, आमचं लग्न दापोलीजवळच्या एका समुद्रकिनाऱ्यावर, मार्गशीर्ष शुद्ध नवमीला गोरज मुहूर्तावर आहे. मला लेहेंगा घालायचाय, आई म्हणते नऊवारीच. मी काय करू?
*– एक वाचक, पुणे*

आधी भरतीचं बघू. कोकणात भरतीचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. नवमीचे नऊ, त्याची पाऊणपट पावणेसात. म्हणजे तुमची मंगलाष्टकं चालू असतील तेव्हा समुद्र जवळजवळ पूर्ण भरतीला असणार. नवमीला भांग असते, त्यामुळे पाणी पौर्णिमेच्या उधाणाइतकं वर चढत नाही. तरीही दुपारी ओहोटीची रुंद पुळण बघून खुर्च्यांची जागा ठरवलीत, तर फसाल. आधीच्या पंधरवड्यातल्या वद्य नवमीला संध्याकाळी सातच्या सुमाराला तिथे जाऊन उभे राहा. ओल्या वाळूची रेघ कुठवर येते ते दिसेल. तिच्या बरंच मागे मांडव घाला.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. त्या वेळी समुद्रावरचा वारा पुरता पडलेला नसतो. अंतरपाटाचं शीड होतं आणि होमाची ज्वाळा आडवी पडते. म्हणून मी सांगेन: मंगलाष्टकं आणि माळा पुळणीवर होऊ देत, होम, लाजाहोम, सप्तपदी वाडीतल्या आडोशाच्या अंगणात. आडोसा म्हणून सुरूचं बन मात्र अजिबात नको. तिथल्या वाळक्या काड्या ठिणगी पडताच पेटतात. किनाऱ्यावरच्या मांडवाची परवानगी ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात वेळेवर विचारा. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री 10 नंतर लावता येत नाही, हेही वाजंत्रीवाल्यांना आधीच सांगून ठेवा.

आता कपडे. यात मी तुझ्या आईच्या बाजूने आहे, आणि ते रीत म्हणून नव्हे. लेहेंग्याचा घेर फुलवायला आत कॅनकॅनची जाळी असते. ती बहुतेक वेळा कृत्रिम धाग्याची असते. असा धागा आगीजवळ नुसता जळत नाही, तो वितळतो आणि कातडीला चिकटतो. लाह्यांची ओंजळ सोडायला तू होमाच्या अगदी जवळ जाणार आहेस. शिवाय तो घेर घेऊन पाटावर बसता येत नाही आणि वाळूतून चालताना तो किनारा झाडत येतो. नऊवारी घोट्याच्या वर खोचता येते, कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात. भरजरी पैठणी मात्र इथे नको, खाऱ्या हवेत जर लवकर काळवंडते. नारायणपेठी किंवा इरकल घे. शिवलेली घेऊ नकोस. नेसवलेली साडी जेवणानंतर कंबरेत सैल करता येते, आणि कापलेल्या नऊवारीची पुन्हा साडी होत नाही.

आणि ट्रायलच्या दिवशी आरशासमोर नुसती उभी राहू नकोस. पाटावर अर्धा तास मांडी घालून बस, उठ, वाकून नमस्कार कर, ओंजळ पुढे धर. पदर खांद्यावर टिकला, निऱ्या सुटल्या नाहीत, तर साडी पास. लेहेंगा दुसऱ्या दिवशी रिसेप्शनला घाल, तिथे तो शोभेलही.

आमच्याकडे सासूबाईंची जुनी नऊवारी पैठणी आहे. मुलीला ती कापून लेहेंगा शिवायचाय. माझा जीव होत नाही. लग्न सांगलीतल्याच कार्यालयात आहे.
*– एक आई, सांगली*

कापू नका. पण त्याआधी ती नेसण्याजोगी आहे का, ते पाहा. साडी उलगडून खिडकीच्या उजेडात धरा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम त्या घडीवरच विरतं. आधी तिथे बारीक चिरा दिसतात, मग बोट लागलं तरी फाटतं. अशी साडी काष्ट्याने नेसली तर बसताना मागे आणि गुडघ्यांवर सगळा ताण येतो आणि ऐन विधीत ती जाते. घड्या शाबूत असतील तर मुलीला जरूर नेसवा, फक्त मागचा कासोटा जरा सैल ठेवा.

विरली असेल तर माझी आवडती युक्ती सांगते. सासूबाईंच्या पदराचाच अंतरपाट धरा. बाकीची साडी घडी करून करवलीच्या हातावर राहू द्या. अंतरपाटावर ओढ पडत नाही, कापडाला इजा होत नाही, आणि पैठणीचा पदर हातमागावर विणलेला असला की दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. त्यामुळे वराला जो मोर दिसेल, तोच वधूलाही दिसेल. विधींना मुलीने मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसावी. सुती असली तर फारच उत्तम. कार्यालयात माणसांची दाटी असते, वर होमाची धग, तिथे सुती कापडच सोसवतं.

आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करणार आहोत. सगळे म्हणतात, सरकारी ऑफिसात सह्या करायला कशाला नटायचं?
*– एक वाचक, नागपूर*

नटायचं, तुमच्याच लग्नाला नटायचं. आणि सह्या ऑफिसातच व्हायला हव्यात असंही नाही. विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे जादा शुल्क भरून विवाह अधिकाऱ्यांना वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागीही बोलावता येतं. घराचं अंगण असेल तर आधी तेच विचारा. नोटीस दिल्यावर 30 दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न व्हावं लागतं. तेव्हा तारीख ठरवून मगच साडी घ्या. तीन साक्षीदार लागतात, त्यांनाही कपड्यांचं आधी सांगा. फोटोत तेच तुमच्या शेजारी असणार आहेत.

इथे खुर्चीवर बसायचं आहे, आग नाही, वारा नाही. म्हणून मनात असेल तर सहावारी पैठणी इथे बेलाशक नेसा. हिरवा चुडा हवा असेल तर सही करण्याच्या हातात थोड्या कमी बांगड्या भरा आणि घरी एकदा टेबलावर कागद ठेवून सही करून पाहा. काठाच्या जाड पाटल्या कागदावर टेकल्या की हात अडतो आणि सही वेडीवाकडी होते.