‘उतरेल’ म्हणून थांबू नका

पिऊन पडलेल्या माणसाचं दुखणं कुणी दुखणं मानत नाही. आमच्या घरात तर मुळीच नाही. मी माहेरी होते. घरात चार माणसं असताना हे ओसरीवर उजवा पाय अंगाखाली मुडपून रात्रभर पडून राहिले, कुणी त्यांची कूस बदलली नाही.

सकाळी येऊन पाहते तर पोटरी टणक, फुगलेली. पायाची बोटं जरा वर केली की ओरडत. दीर म्हणाले, “वहिनी, बोभाटा नको. दुपारपर्यंत उतरेल.” दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पावलाची नाडी पाहिली, “रक्तपुरवठा चालू आहे” म्हणाले, दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि मलाच सुनावलं, “आधी दारू सोडवा.” जणू पेला मीच भरत होते!

संध्याकाळी लघवी झाली ती कोऱ्या चहासारखी. पोटात धस्स झालं. कुणाला न विचारता रिक्षा बोलावली.

मोठ्या हॉस्पिटलात कळलं ते असं. दबलेला स्नायू सुजतो, पण त्यावरचं आवरण ताणलं जात नाही. आतला दाब वाढून बारीक रक्तवाहिन्या मिटतात. मोठ्या धमनीची नाडी मात्र लागत राहते! साधारण ६ तासांत स्नायू मरू लागतो, त्यातलं मायोग्लोबिन मूत्रपिंडं बंद पाडतं. स्नायूंची इजा दाखवणारं रक्तातलं सीपीके साधारण २०० च्या आत हवं, ह्यांचं ४०,००० वर. पोटरी चिरून दाब मोकळा केला, डायलिसिस झालं. पाऊल अजून वर उचलत नाही.

त्याआधी कितीतरी महिने हे जमिनीवरून उठताना भिंत धरत. मांड्या बारीक झाल्या होत्या. सासूबाई म्हणायच्या, “वय झालं.” चव्वेचाळिसाव्या वर्षी? रोजच्या दारूनं मांड्या-खांद्यांचे स्नायू झिजतात. दारू सुटली तर काही महिन्यांत ताकद बरीच परत येते, हेही तिथेच कळलं.

म्हणून सांगते. पिऊन पडलेल्याला कुशीवर वळवा, हातपाय अंगाखालून काढा. सुजलेला पाय चोळू नका, शेकू नका. लघवी काळपट दिसली की थेट मोठं हॉस्पिटल गाठा. किती वेळ एका अंगावर पडले होते ते डॉक्टरांना आपणहून सांगा. दुखण्याचं इंजेक्शन मूत्रपिंडांना चालेल का, ते आधी विचारा. रोज पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नका, झटके येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. खाणंपिणं नीट ठेवा.

आणि बोभाटा म्हणणारे म्हणू देत. बिल भरायला ते येत नाहीत. आमचे तर भेटायलाही आले नाहीत.