एक सर्व्हर, दोन संपादक

मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या अंकासाठी एका विद्यार्थिनीने कथा पाठवली, तीही मुदतीच्या दोन दिवस आधी. अंक निघाला, पण कथा त्यात नव्हती. "नाही आवडली तर निदान तसं कळवायचं तरी!" ती म्हणाली. मला काय बोलावं सुचेना, कारण मेल सर्व्हर मीच मांडला होता.

त्या एकाच सर्व्हरवर दोन डोमेन होती, एक साहित्य मंडळाचं आणि दुसरं निसर्ग मंडळाचं. 'संपादक' हा पत्ता दोन्हीकडे होता. तिची कथा निसर्ग मंडळाच्या संपादकाच्या पेटीत पडली. आपली नाही म्हणून त्याने ती तशीच राहू दिली. बाकीच्यांनी साहित्य हातोहात दिल्यामुळे ही गफलत कुणाच्या लक्षातच आली नव्हती.

आता चूक कुठे झाली ते पाहू. आम्ही पोस्टफिक्स वापरतो. वीत्से वेनेमा यांनी लिहिलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर १९९८ पासून उपलब्ध आहे. दोन्ही डोमेनची एमएक्स नोंद आमच्याच सर्व्हरकडे बोट दाखवत होती, ते बरोबरच होतं. पण एमएक्स नोंद पत्राला फक्त वाड्याच्या दारापर्यंत आणते. आत कुठल्या खोलीत जायचं, ते सर्व्हर ठरवतो.

मी दोन्ही डोमेन 'मायडेस्टिनेशन' या ओळीत लिहून मोकळा झालो होतो. या ओळीतल्या सगळ्या डोमेनना सर्व्हरवरची खाती सामायिक असतात. म्हणजे 'ॲट'च्या आधीचं नाव तेवढं पाहिलं जातं, पुढचं डोमेन कुठलंही असो. 'संपादक' नावाचं खातं एकच होतं, आणि ते निसर्ग मंडळाचं!

दुरुस्ती अशी केली. दोन्ही डोमेन त्या ओळीतून काढली आणि 'व्हर्च्युअल अलियास डोमेन्स'मध्ये घातली. एकच डोमेन दोन्हीकडे कधीही लिहू नका. मग 'व्हर्च्युअल अलियास मॅप्स'साठी एक तक्ता केला. त्यात डावीकडे डोमेनसकट पूर्ण पत्ता आणि उजवीकडे ज्याच्या पेटीत पत्र जायचं ते खातं. तक्ता बदलला की 'पोस्टमॅप' चालवायचं, मुख्य फाइल बदलली की पोस्टफिक्स रीलोड करायचं. पत्र नेमकं कुठे जाईल, हे पोस्टमॅपला 'क्यू' पर्याय देऊन आधीच विचारता येतं.

डोमेनवर येणारं वाटेल ते पत्र एकाच पेटीत घ्यायचा मोह मलाही झाला होता. तसं करू नका. एक तर नको त्या जाहिरातींचा ढीग साचतो. दुसरं म्हणजे पत्ता चुकला तरी पाठवणाऱ्याला कळत नाही. तक्त्यात नसलेला पत्ता सर्व्हर नाकारतो, पत्र परत जातं आणि माणूस पत्ता तपासून पुन्हा पाठवतो. आमच्या कथेचं पत्र परत गेलं असतं, तरी बरं झालं असतं!

जाणाऱ्या पत्रांसाठी एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी प्रत्येक डोमेनला वेगळ्या कराव्या लागतात. एकाची नोंद दुसऱ्याला चालत नाही.

आता मुदत जाहीर करण्याआधी मी बाहेरच्या खात्यावरून प्रत्येक पत्त्यावर एक पत्र टाकतो आणि ज्याची त्याची पेटी उघडायला लावतो. पाच मिनिटांचं काम आहे. यंदा त्या मुलीने पुन्हा कथा पाठवली आहे. पोचल्याचं उत्तर तिला त्याच दिवशी गेलं.