कामगार आजारी पडला, तर खरा खर्च किती?



"आली नाही, पगार कापला, विषय संपला." बरेच मालक असाच हिशोब करतात. तो बरोबर आहे का, ते आज आकड्यांत बघूया.

समजा, तुमचं १० मशिनचं शिलाई युनिट आहे आणि काम जॉबवर्कचं. एका ताईंचा पगार १५,६०० रुपये, म्हणजे २६ दिवसांच्या हिशोबाने रोज ६००. त्या दिवसाला २० नग शिवतात. नगामागे शिलाई ५० रुपये मिळते, धागा-वीज ५ रुपये जाते.

१) तब्येत ठणठणीत: १,००० − १०० − ६०० = ३०० रुपये उरले.

२) गैरहजर, पगार कापला: उरले शून्य. म्हणजे पगार कापूनही ३०० चं नुकसान झालंच. त्यात जागेचं भाडं आणि मशिनचा हप्ता काही थांबत नाही.

३) भरपगारी रजा: खिशातून ६०० गेले. पहिल्या दिवसाशी तुलना केली तर नुकसान ९००.

४) ताप अंगावर काढून कामावर: १२ नग झाले, त्यातले २ बिघडले. शिलाई मिळाली ५००. धागा-वीज ६०, पगार ६००, बिघडलेल्या कापडाची भरपाई ३००. तोटा ४६०, म्हणजे नुकसान ७६०.

रजेपेक्षा १४० रुपये वाचले असं वाटतंय ना? पण एका दिवसाच्या विश्रांतीने गेला असता तो ताप असाच तीन दिवस रेंगाळला, तर नुकसान २,२८०! शेजारच्या मशिनवर लागण झाली तर ते वेगळंच. आणि पार्टीची डिलिव्हरी चुकली, तर पुढची ऑर्डरही हातची जाते.

मग करायचं काय?

• ई.एस.आय. बघा. १० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना हा विमा लागू होतो. मालकाचा वाटा ३.२५ टक्के. आपल्या उदाहरणात महिन्याला ५०७ रुपये, म्हणजे एका भरपगारी रजेच्या नुकसानापेक्षा कमी. अटी पूर्ण असतील तर कामगाराला कुटुंबासह उपचार मिळतात आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन विम्यातून मिळतं.

• प्रत्येक मशिनवर दुसरं एक माणूस तयार ठेवा.

• पिण्याचं स्वच्छ पाणी, पंखा, उजेड, नीट बसायची खुर्ची. हा खर्च एकदाच होतो, फायदा रोज मिळतो.

गृहपाठ: पुढचे तीन महिने एका वहीत तीन रकाने भरा: गैरहजर दिवस, कारण, बिघडलेले नग. पैसा कुठून गळतोय, ते तुमचीच वही सांगेल.