बोलण्यातील सूर आणि बाळाचे कान

बाळ पहिला शब्द उच्चारते ते वर्षाच्या सुमारास. भाषेशी त्याची ओळख मात्र जन्मापूर्वीच झालेली असते. गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत गर्भाला आवाज ऐकू येतात. आईच्या उदरातून शब्द अस्पष्ट होतात, पण बोलण्यातील चढउतार व लय त्याच्यापर्यंत पोहोचतात. म्हणूनच नवजात अर्भक आईचा आवाज अधिक पसंत करते, असे १९८० साली अमेरिकेतील प्रयोगात आढळले.

चिनी भाषेत 'मा' या एकाच उच्चाराचा अर्थ सुरानुसार आई, घोडा किंवा रागावणे असा होतो. आपल्याकडे पंजाबीतही सुरामुळे शब्दाचा अर्थ बदलतो. मराठीत तसे होत नाही. तरी 'बाबा आले' हे विधान आहे की प्रश्न, हे सूरच सांगतो.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिनी व इंग्रजी भाषक घरांतील बाळांना थाई भाषेतील सूर ऐकवले गेले. सहाव्या महिन्यात दोन्ही गटांना सुरांतील फरक कळत होता. नवव्या महिन्यात चिनी बाळांची ही क्षमता टिकून राहिली, तर इंग्रजी घरांतील बाळांची घटली. व्हायोलिनच्या आवाजातील फरक मात्र त्यांना पूर्वीइतकाच कळत होता. म्हणजे कान मंदावले नव्हते. घरच्या भाषेला जे लागते, त्याकडे मेंदू लक्ष देऊ लागला होता.

ज्या बाळाला ऐकूच येत नाही, त्याचे हे मोलाचे महिने निसटून जातात. अशी बाळे दर हजारी एक ते तीन असतात. सुरुवातीस तीही हुंकार देतात, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. थाळी किंवा टाळी वाजवून केलेली परीक्षा विश्वासार्ह नसते. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटे उपकरण ठेवून केलेली ओएई तपासणी काही मिनिटांत, वेदनेविना होते.

पालकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे : पहिल्या महिन्यात तपासणी, दोष आढळल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांस प्रारंभ व्हावा. घरी बाळाशी आपल्या भाषेत भरपूर बोलावे, अंगाई म्हणावी. विश्वस्त व देणगीदारांनीही हे ध्यानी घ्यावे, की श्रवणतपासणीसाठी दिलेले साहाय्य बाळाच्या भाषेलाच दिलेले असते.