गणपतीपुळे येथील समुद्रस्नान

श्रींचे मंदिर पश्चिमाभिमुख असून समुद्र अगदी समोरच आहे. स्नानाचा मोह होणे स्वाभाविक. परंतु विहिरीत वा नदीत पोहण्यात तरबेज असलेल्यांनीही येथे एकट्याने पाण्यात उतरू नये. फुटणाऱ्या लाटांमधील शांत दिसणारा पट्टाच पुष्कळदा घातक असतो. किनाऱ्यावर चढलेले पाणी त्याच वाटेने वेगाने मागे फिरते. ही ओढ माणसास आत नेते, खाली खेचत नाही. म्हणून तिच्याविरुद्ध झुंजून दमू नये. तरंगत राहावे, हात उंचावावा, जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावे. पण तो हात पाहणार कोण? सोबतीने काठावर थांबावे. प्रसंगी स्वतः उडी न घेता दोर वा तरंगणारी वस्तू फेकावी, मदतीस हाका माराव्यात. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत समुद्रास दुरूनच नमस्कार करावा.