प्रसूतीपूर्वीची एक चाचणी आणि चार तासांचा अवधी

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातील लेकी त्यासाठी सासरहून येतात, सुना आपापल्या माहेरी जातात. त्यामुळे तपासणी एका दवाखान्यात व प्रसूती दुसऱ्या रुग्णालयात, असे वारंवार घडते. नवजात बालकाच्या एका गंभीर आजाराबाबत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. कारण त्याची चाचणी प्रसूतीआधी, तर प्रतिबंधक उपचार ऐन प्रसूतीच्या वेळी करावयाचा असतो.

निरुपद्रवी वाटणारा जीवाणू

‘गट ब स्ट्रेप्टोकॉकस’ हा जीवाणू अनेक निरोगी स्त्रियांच्या आतड्यांत व योनिमार्गात असतो. जगात सुमारे १८ टक्के गर्भवतींमध्ये तो आढळतो. भारतात हे प्रमाण काहीसे कमी आहे. तो अस्वच्छतेचे लक्षण नव्हे, की गुप्तरोगही नव्हे. मातेला बहुधा त्याचा त्रास होत नाही. परंतु प्रसूतीच्या वेळी तो बाळाकडे जाऊ शकतो. उपचार न मिळालेल्या अशा मातांच्या दर शंभर बाळांपैकी एकदोघांना जंतुदोष, न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर होतो. आजार बहुधा पहिल्या चोवीस तासांतच उद्भवतो आणि प्राणघातक ठरू शकतो.

चाचणी व उपचार

गर्भारपणाचे ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर, ३८ पूर्ण होण्यापूर्वी, योनिमार्ग व गुदद्वार येथील स्रावाचा नमुना बोळ्याने घेतात. यात वेदना होत नाहीत. अहवाल दोन-तीन दिवसांत मिळतो. जीवाणू आढळल्यास प्रसववेदना सुरू होताच किंवा पाणी जाताच पेनिसिलीन अथवा ॲम्पिसिलीन शिरेतून देतात. १९८६ साली शिकागोतील बॉयर व गोटॉफ यांनी या पद्धतीची उपयुक्तता सिद्ध केली. आधीच गोळ्या घेऊन भागत नाही. प्रसूतीपर्यंत जीवाणू पुन्हा वाढतात. औषधाचा पुरेसा परिणाम होण्यास प्रसूतीपूर्वी किमान चार तास मिळावे लागतात.

अमेरिकेत २००२ पासून सर्व गर्भवतींसाठी या चाचणीची शिफारस आहे. ब्रिटनमध्ये जोखीम पाहून उपचार करतात. आपल्याकडे ती सर्वांना सक्तीची नाही. म्हणून डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेला होणारी तपासणी ही त्यासाठी चांगली संधी आहे. चाचणी झालेली नसली, तरी ३७ आठवड्यांपूर्वी कळा येणे, पाणी जाऊन १८ तास उलटणे किंवा प्रसूतीच्या वेळी ताप येणे या स्थितीत उपचार आवश्यक असतो. आधीच्या बाळास हा आजार झाला असेल, अथवा या गर्भारपणात लघवीत हा जीवाणू सापडला असेल, तरीही तो द्यावाच लागतो.

कुटुंबाचे कर्तव्य

अहवाल माता व बाल संरक्षण कार्डासोबत ठेवावा आणि माहेरी जाताना बरोबर न्यावा. पेनिसिलीनचे वावडे असल्यास आधीच सांगावे. कोळीवाड्याच्या अरुंद गल्ल्यांतून मुख्य रस्ता गाठावयाचा, तेथून गर्दीतून जुहूच्या कूपर रुग्णालयापर्यंत जावयाचे, यातच बराच वेळ जातो. म्हणून अहवालात जीवाणू आढळला असेल, तर पाणी गेल्यावर कळांची वाट पाहत घरी थांबू नये. जन्मानंतर बाळ दूध ओढेनासे झाले, कण्हू लागले, धापा टाकू लागले किंवा निपचित पडले, तर त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. वेळेवर दाखविलेला एक कागद नवजात जिवाचे रक्षण करू शकतो, हे प्रत्येक घराने ध्यानी ठेवावे.